चार अंगुळं वर

गणपतीच्या रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, तोक्योच्या कोतो भागात, आमच्या इमारतीसमोरच्या बागेत, विश्वास धामधेरे यांना मिरवणुकीच्या रांगेतून बाहेर काढण्यात आलं. कारण त्यांचा किल्ट गुडघ्याच्या चार अंगुळं वर होता. त्याच आठवड्यात आणखी एका व्यक्तीवर अन्याय झाला. तिचं नाव पुढे येईल, कारण मलाही ते उशिराच दिसलं.

किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा चौकडीचा, चुण्यांचा, लोकरीचा पेहराव. धामधेरे काकांसमोर त्याला घागरा म्हटलं तर चहा मिळत नसे. स्कर्ट म्हटलं तर चपला घालायची वेळ येत असे. पुण्याहून नवा आलेला प्रत्येक इंजिनिअर त्यांना हळूच विचारायचा, "काका, आत काय घालता?" काका प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे. "संस्कार."

स्कॉटलंड त्यांनी नकाशातच पाहिलेलं. त्यांचे वडील फौजेच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचे आणि निवृत्तीनंतर साताऱ्याकडच्या वरातींमध्ये. मुलाला त्यांनी तीन गोष्टी दिल्या : बॅगपाइप, खास शिवून घेतलेला हिरवा-निळा किल्ट आणि एक नियम. किल्टची कड गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध. तपासायची रीतही दिली. गुडघे टेकून ताठ उभं राहायचं, कड जमिनीला जेमतेम शिवली पाहिजे. लोळली तर गबाळा, अधांतरी राहिली तर उथळ.

या नियमावर काकांनी सगळं आयुष्य बसवलं होतं. खिशात शिंप्याची पिवळी टेप कायम. ऑफिसात ते बँकेच्या प्रणालीचं टेस्टिंग करायचे, माझा नवरा निखिल त्यांच्याच टीममध्ये. तो सांगायचा, धामधेरे-सान स्क्रीनचा कागद काढून त्यावरचा समास टेपने मोजतात, आणि जपानी मंडळी मागे हात बांधून आदराने बघत उभी राहतात. घरी ते बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घातलेली गादी दोन्ही बाजूंना सारखी लोंबते का ते मोजत. गेल्या गुढीपाडव्याला मी नऊवारी नेसून लिफ्टमध्ये शिरले तर म्हणाले, "डाव्या पायाकडे खाली आलंय."

"थोडंसंच आहे काका."

"अंदाज नको. अंगुळं सांग."

दोन अंगुळं होतं. मी घरी जाऊन परत नेसले.

आता मंडळाविषयी. आमच्या मंडळाचे अध्यक्ष सबनीस सभ्य गृहस्थ आहेत, आणि बहुतेक अन्याय सभ्य गृहस्थच करतात. दर वर्षी मिरवणुकीच्या पुढे काका बॅगपाइप वाजवत चालत आणि शेजारी त्यांची मुलगी सई ताशा वाजवे. सई चौदा वर्षांची, जपानी शाळेत जाणारी. तिची आई आजारी आजीसाठी सहा महिने पुण्याला गेलेली, त्यामुळे घरात दोघंच. यंदा सबनीसांनी फोन करून सांगितलं, "धामधेरे, किल्ट पोटरीपर्यंत घ्या, नाहीतर खाली विजार घाला. बायका-मुलं असतात."

"बायकांच्या नऊवारीतनं पोटऱ्या दिसतात, त्या चालतात?"

"ती परंपरा आहे."

"हीसुद्धा आहे. माझ्या वडलांची."

मी पुण्यात कॉलेजात असताना चार वर्षं पत्रकं लिहिली. वसतिगृहाचं पाणी, मुलींच्या परतण्याची वेळ, लायब्ररीचा पंखा, सगळ्यावर. लग्न करून इथे आल्यापासून माझ्या हाताला काम नव्हतं. कचरा कोणत्या वारी कुठला टाकायचा यावर काही पत्रक निघत नाही. मी काकांकडे गेले आणि म्हटलं, हा लढा मी चालवते.

"लढा कसला?" ते म्हणाले. "मधोमध म्हणजे मधोमध, एवढंच त्यांना कळवायचं."

"एवढंच कळवायला पत्रक लागतं, काका."

बुधवारी माहिती घ्यायला गेले तर ते खुशीत होते. सोमवारी सईच्या शाळेत पालकांनी वर्ग बघायचा दिवस होता. तिच्या शाळेचा स्कर्टसुद्धा चौकडीचाच. मुली तो कमरेशी गुंडाळून आखूड करतात आणि शिक्षिका त्याबद्दल पालकांकडे तक्रार करतात. तशी तक्रार झाली. काकांनी खिशातून टेप काढली. सगळ्या आया आणि सगळा वर्ग बघत असताना त्यांनी सईला गुडघे टेकायला लावलं आणि कड मोजली.

"तीन अंगुळं अधांतरी," ते म्हणाले. "शिक्षिका तीनदा वाकल्या. म्हणाल्या, असे पालक हवेत."

मी हसले. खरं ते सांगते, मी मोठ्याने हसले आणि वहीत लिहून घेतलं.

पत्रकाचा मथळा होता 'गुडघा मंडळाच्या मालकीचा नाही'. पहिला परिच्छेद अन्यायावर, दुसरा नऊवारीवर, आणि तिसरा असा : 'ज्या माणसाने भर वर्गात स्वतःच्या मुलीलाही नियमातून सूट दिली नाही, त्याच्या निष्ठेवर मंडळाने शंका घ्यावी?' कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, साठ प्रती काढल्या. गुरुवारी इमारतींच्या तळमजल्यावरच्या टपालपेट्यांत टाकल्या. प्रत्येक मराठी घरात एक. धामधेऱ्यांच्याही.

शुक्रवारी बैठकीत ठराव झाला. किल्ट गुडघ्याच्या मधोमध, ना खाली, ना वर. काका सतरंजीवर गुडघे टेकून उभे राहिले आणि सबनीसांनी चष्मा लावून, ओणवं होऊन कड बघितली. मी आयुष्यात पहिल्यांदा काही जिंकले होते.

शनिवारी काका दारात आले. टेप हातात नव्हती. म्हणाले, "मुग्धा, सई बोलत नाहीये. काहीही विचारा, 'बेत्सुनि' म्हणते."

बेत्सुनि म्हणजे 'काही विशेष नाही'. या वयाची इथली सगळी मुलं तेच म्हणतात.

"ताशाचं विचारलंत?"

"तेही बेत्सुनि."

"काका, उद्याचं बघू आता. वेळेवर या आणि किल्टला इस्त्री करा."

मी दार लावलं.

रविवारी ते आले तेव्हा माझी नजर आधी त्यांच्या पोटाकडे गेली. कमरेभोवती लोकरीचं टायर बसवल्यासारखा फुगवटा होता. किल्ट कमरेशी दोनदा गुंडाळलेला, मागच्या चुण्या कोंबड्याच्या शेपटीसारख्या उभ्या, आणि कड गुडघ्याच्या कितीतरी वर. आत सायकल चालवायची काळी चड्डी होती, हे सबनीसांच्या समाधानासाठी नोंदवते. बायकांनी लेझमी थांबवल्या. मिरवणुकीला पोलिसांची परवानगी अकरापर्यंतच होती आणि सोबतचा तरुण पोलीस आतापासूनच घड्याळ बघत होता.

सबनीस पुढे आले. "धामधेरे, ठराव काय झाला?"

"मधोमध."

"मग हे काय?"

"चार अंगुळं वर."

"खाली घ्या."

"आज नाही."

"अहो, तुमचाच ठराव आहे."

"हो. मोडलाय मी तो."

मागून कुणीतरी म्हणालं, वहिनी पुण्याला आहेत ना, म्हणून. कुणीतरी हसलं. मी काकांच्या कानाशी गेले. "काका, घ्या ना खाली. मी साठ पेट्या फिरले तुमच्यासाठी."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते बागेच्या पलीकडे, जिथे सायकली लावतात तिकडे बघत होते. दहा वाजून चाळीस मिनिटांनी सबनीस म्हणाले, "मग रांगेत नाही," आणि गणपती बॅगपाइपशिवाय निघाला.

बागेत आम्ही दोघंच उरलो. मी बोलायला सुरुवात केली. विश्वासघात हा शब्द वापरला, चळवळ हाही वापरला. ते बाकावर बसले, गुडघे एकमेकांना चिकटवून, दोन्ही हातांनी कड खाली धरून. असं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आगगाडीत शाळेच्या मुली बसतात तसे बसले होते.

"परवा सई तुझं पत्रक वाचत होती," ते म्हणाले. "मराठी तिला एकेक अक्षर लावून वाचावं लागतं. तिसऱ्या परिच्छेदाला थांबली. मला विचारलं, बाबा, सूट म्हणजे काय?"

"मग?"

"मला सांगता येईना."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"वर्गात गुडघे टेकताना ती म्हणाली होती, बाबा, सगळ्यांसमोर नको. मी ऐकलं ते. टेप सरळ करत होतो." त्यांनी कड आणखी खाली ओढली. "म्हटलं, आपणही एकदा गुंडाळून सगळ्यांसमोर उभं राहावं. लोकांनी आपला गुडघा मोजला की कसं वाटतं, बघावं."

"कसं वाटलं?"

त्यांनी कडेवर चार बोटं टेकवली आणि उचलली. मग म्हणाले, "अंगुळांत नाही सांगता येत."

सायकलींच्या बाजूने सई आली. जीन्समध्ये, हातात काही नाही. माझ्याकडे तिने एकदा बघितलं, तेवढं मला पुरे झालं. मग ती बापाच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्या उभ्या चुण्यांकडे, एखादा कारागीर दुसऱ्याच्या कामाकडे बघतो तशी बघत राहिली.

"बाबा, उठा," ती म्हणाली. "रोल असा नाही करत. मागून वर जातो. आधी आत घडी घालायची, मग बेल्ट."

ते उठले. तिने पट्टा सोडला, घडी घातली, चुण्या हाताने दाबून बसवल्या, पुन्हा पट्टा आवळला. फुगवटा गेला. कड सगळीकडून सारखी झाली. चार अंगुळंच वर, पण सारखी.

"मधोमध करू का?" काकांनी विचारलं.

"नको. थोडा वेळ राहू दे."

"ताशा आणलायस?"

"घरी आहे."

बेत्सुनि म्हणाली नाही. ती घराच्या दिशेने चालू लागली आणि काका बॅगपाइप काखेत धरून तिच्या मागून गेले. पुढून कड सोडून दिली होती, पण मागून अजून एका हाताने धरलेली होती.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. दार सईने उघडलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "ते पेपर सगळ्यांकडे आहेत." तेवढंच. हे सगळं मी तिला विचारून लिहिते आहे. तिने दोन वाक्यं खोडली, ती इथे नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी दारोदार फिरते आहे, या वेळी प्रती परत मागायला. सबनीसांनी आपली प्रत मी बेल वाजवायच्या आधीच पाकिटात घालून ठेवली होती, हे त्यांच्या बाजूने नमूद करते. आजपर्यंत सदतीस आल्या. तेवीस अजून बाहेर आहेत, कुणाच्या खणात, कुणाच्या फ्रिजवर चुंबकाखाली, हसायला म्हणून पुण्याला पाठवलेल्या.

त्यातली एक तुमच्याकडे असेल तर ती मला परत द्या. तिसरा परिच्छेद वाचून तुम्ही हसला असाल, तर नुसती परत देऊ नका. चौथ्या मजल्यावर धामधेऱ्यांकडे या आणि सईच्या हातात द्या.