जिभेखालची गोळी

गुरुवारी भिमाजींच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि सोमवारी सकाळपासून समोरच्या घरातले काकासाहेब तीनदा येऊन गेले होते. चौथ्यांदा ते ओसरीची पायरी चढले तेव्हा भिमाजींच्या बायकोनं, बनुबाईंनी, चहाचं आधण ठेवलं नाही, नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्या आत गेल्या.

काकासाहेबांच्या हृदयाच्या नळीत पाच वर्षांपूर्वी एक स्टेंट बसला होता. तेव्हापासून गावात कुणाची छाती दुखली की ते डॉक्टरच्या आधी पोचत.

"मी लई इचार केला, भिमाजीराव," ते म्हणाले. "तुमच्या नळीतला ब्लॉक तसाच ठिवायचा आन् नुसती झडप बदलायची, हे काय मला पटत न्हाई."

भिमाजींनाही ते कालपासून पटेनासं झालं होतं. खरं तर नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप फार अरुंद झाली होती; ती मांडीतल्या शिरेतून नवी बसवायची. ब्लॉक साठ टक्के, तोही एका बारीक फांदीत. त्याला तूर्त गोळ्या पुरे. भिमाजींनी तीस वर्षं ग्रामपंचायतीचं पाणी सोडलं होतं, त्यामुळे "आधी व्हॉल्व्ह का आधी लाइन?" हे त्यांनीच विचारलं होतं. बाई हसल्या होत्या. "आम्ही डॉक्टरही यावरच भांडतो, बाबा. कुणाला आधी स्टेंट टाकतो, कुणाची छाती उघडून दोन्ही एकदम करतो. तुमचं आम्ही चौघांनी बसून ठरवलंय." भिमाजी समाधानानं घरी आले होते. ते समाधान काकासाहेबांची गाठ पडेपर्यंत टिकलं.

"नक्की साठच टक्के ना?" काकासाहेबांनी विचारलं. "का शहात्तर?"

"साठच म्हनल्या असत्याल."

"असत्याल?"

यावर भिमाजींना बसवेना. रिपोर्टांची फाइल वरच्या खोलीत होती. जिना चढायची मनाई होती, पण ती आठवण करून देणारी सून, रुपाली, मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. भिमाजी अकराव्या पायरीवर छाती धरून खाली बसले.

काकासाहेब मागोमाग चढले, खिशातून डबी काढली आणि एक गोळी त्यांच्या जिभेखाली सारली. "दोन मिन्टात उतार पडतो. माझा अनुभव हाय."

आवाज ऐकून रुपाली धावत आली. "काका, काय दिलंत?"

"जिभेखालची गोळी."

"अहो, मामांना ती चालत नाही. झडप अरुंद आहे, त्या गोळीनं बीपी एकदम पडतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलंय."

भिमाजी जणू बाईंचा शब्द राखायला म्हणून पांढरेफटक पडले आणि भिंतीला कलंडले. रुपालीनं उरलेली गोळी बोटानं बाहेर काढली, काकासाहेबांच्या मदतीनं त्यांना ओसरीवर उतरवून आडवं केलं, पाय उशांवर ठेवले आणि बाईंना फोन लावला. "झोपवूनच आणा, लगेच," बाई म्हणाल्या.

रुपालीचा नवरा हनुमंत सुप्याला कंपनीत होता. दारात गाडी होती ती काकासाहेबांची, पण त्यांना किल्ली काही जागेवर घालता येईना. शेवटी रुपालीच चालवायला बसली. पुढे बनुबाई, मागे भिमाजी आडवे, आणि त्यांचे पाय काकासाहेबांच्या मांडीवर.

तिसगाव मागे पडेपर्यंत भिमाजींच्या तोंडावर रंग आला. काकासाहेबांच्या तोंडावरचा मात्र गेला होता. "माझ्या हातनं मानूस गेला असता," ते पुटपुटत होते. शर्ट घामानं भिजला होता.

"आता गप बसा," भिमाजी म्हणाले. "तुमच्या मांडीची थरथर मला लागतीया."

हॉस्पिटलच्या दारात नर्सनं खुर्ची आणली, दोघांकडे पाहिलं आणि बेधडक काकासाहेबांना तीत बसवलं. "पेशंट हे न्हाईत, मी हाय," भिमाजी मागून सांगत होते. ते कुणी ऐकेना, म्हणून रुपालीनं दुसरी खुर्ची मिळवली.

भिमाजींचं बीपी सावरलं होतं. गुरुवारपर्यंत इथंच राहायचं, झडप ठरल्याप्रमाणे बदलू, असं बाईंनी सांगितलं. मग त्या काकासाहेबांचा ईसीजी घेऊन पडद्याआड गेल्या. भिमाजींना पलीकडच्या खाटेवरून सगळं ऐकू येत होतं.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"न्हाई. सहा महिने झाले, बंद केल्या. बरं वाटत हुतं."

"कुणाला विचारून?"



काकासाहेबांना तसंच अँजिओग्राफीला नेलं. जुना स्टेंट जवळजवळ बंद झाला होता. दिवस कलताना ते नवा स्टेंट घेऊन भिमाजींच्या शेजारच्या खाटेवर परत आले, पण त्यांना चैन पडेना. मान वळवून त्यांनी हळूच हाक मारली.

"भिमाजीराव, आनखी एक ब्लॉक हाय म्हनं. तो गोळ्यांवर ठिवू म्हनत्यात बाई. तुमाला काय वाटतं?"

"बाई म्हनत्यात तसं करा."

"तुमचं काय जातंय सांगायला? छाती माझी हाय."

ते उत्तराची वाट पाहत राहिले. पण आदल्या रात्री डोळ्याला डोळा न लागलेले भिमाजी तोवर गाढ झोपले होते.