काटा मध्यावर!

"ऑटो? अहो, ऑटोवर फोटो काय, मांजराचा पाय पडला तरी निघतो! मी काढीन तो मॅन्युअलवरच!"

जेवणाच्या टेबलावर चमचा आपटून काटेसाहेबांनी ही घोषणा केली, तेव्हा त्यांच्या हातात कॅमेरा येऊन उणेपुरे तीन दिवस झाले होते. भाच्याने नवा घेतला, म्हणून जुना मामाला दिला. त्याच्या पुस्तिकेची नऊ पानं साहेबांनी वाचली होती. अजून एकशे अठ्ठेचाळीस राहिली होती, पण तेवढ्यासाठी थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक होते. दुकानात शिरले की आधी तराजूच्या काट्याला नमस्कार आणि मग दुकानदाराला. "माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते घरातली साखर, झोप आणि सासऱ्यांचं ताक मोजत होते.

आता प्रश्न होता बायकोच्या फोटोचा. बाई चौतीस वर्षं इस्पितळात. साधी नर्स म्हणून लागल्या आणि मेट्रन झाल्या. येत्या शनिवारी निवृत्ती. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर आधीच्या पाच मेट्रनबाईंचे फोटो ओळीने टांगलेले होते आणि सहाव्याचा खिळा ठोकून तयार होता. पण बाईंचा एक फोटो धड असेल तर शपथ! वॉर्डातलं काम संपवून सगळ्यांत शेवटी यायच्या, म्हणून प्रत्येक ग्रुप फोटोत कडेला उभ्या आणि अर्ध्या कापलेल्या. ओळखपत्रावरचा फोटो तर असा की, पहारेकरी तो बघून त्यांनाच आत सोडायला कां-कू करायचा.

"स्टुडिओत जाऊन येते ना मी," बाई म्हणाल्या.

"मी जिवंत असताना?"

बाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "बरं, काढा तुम्ही. पण ऐका हो. मला एकच फोटो हवाय, माझ्यासारखा दिसणारा. मी तिथून निघून जाईन, पण त्या भिंतीवर तो कायमचा राहणार आहे."

हे त्या इतक्या हळू बोलल्या की साहेबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्यांनी मनातल्या मनात शपथ घेतली, कॅमेऱ्याची गोल चकती 'मॅन्युअल'वर फिरवली आणि ती पुन्हा हलू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावून टाकली.

पहिला फोटो काळाकुट्ट आला. दुसरा पांढराफटक! दोन्हींत बाई होत्या, असं साहेबांचं म्हणणं.

मग पुस्तिका पुन्हा उघडली गेली. उजेड कमी-जास्त करायला तीन वाटा असतात, असं कळलं. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, अ‍ॅपर्चरचं भोक किती मोठं ठेवायचं आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, किती वाढवायची. शटर साहेबांना लगेच पटलं. आयएसओ पण चालवून घेतला. अ‍ॅपर्चरपाशी मात्र त्यांचं डोकं फिरलं.

"आकडा मोठा, तर भोक लहान? आकडा लहान, तर भोक मोठं? असलं माप कुठल्या दुकानात सापडलं असतं ना, तर कुलूप ठोकलं असतं मी!"

"मग ऑटोवर काढा," सासरे म्हणाले.

सासरे म्हणजे बाईंचे वडील. वय ब्याऐंशी, कान जरा जड, डोक्याला चकचकीत टक्कल, पांढऱ्याशुभ्र झुपकेदार भुवया आणि त्याहून झुपकेदार मिशा. सूर्य पश्चिमेला उगवेल, पण जावई ऑटोवर जाणार नाही, हे त्यांना खरं तर ठाऊक होतं. त्यांनी आपलं सहज सुचवून पाहिलं.

खरी अडचण होती बाईंच्या गणवेशाची. पांढरा लांब कोट आणि डोक्याला घट्ट बांधलेला पांढरा रुमाल. एवढं पांढरं दिसलं की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा घाबरून जातो आणि फोटो राखाडी होतो! काट्याच्या म्हणण्यावर किती उजेड चढवायचा, हे प्रयोग केल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि प्रयोगाला बाई कुठून मिळणार? त्यांची ड्युटी सकाळी आठला सुरू. खिडकीतला उत्तम उजेड साडेनऊचा.

साहेबांची नजर सासऱ्यांवर गेली. खानदानी नाक. तेच रुंद कपाळ. बाप-लेकीचा चेहरा अगदी एका साच्यातला!

"बाबा, जरा अर्धा तास खुर्चीत बसता का?"

"बसलोच तर आहे."

"या खुर्चीत. आणि हा कोट घालून."

सोमवारी सासरे लेकीचा जादा कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून खिडकीत बसले. साहेब फोटो काढायचे, वहीत आकडे लिहायचे, आकडे बदलायची दुसरी चकती फिरवायचे, पुन्हा काढायचे. पुस्तिकेच्या बासष्टाव्या पानावर त्यांना आलेख सापडला आणि त्यांचे डोळे पाणावले. फोटो काढला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक डोंगर उमटतो! तो डावीकडच्या भिंतीला चिकटला तर फोटो काळा, उजवीकडच्या भिंतीला चिकटला तर पांढरा, आणि दोन्हींच्या मधोमध ऐसपैस बसला तर एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, अचूक. म्हणजे हा काटाच की! त्या दिवसापासून त्यांनी फोटोकडे बघणं सोडलं. फक्त आलेख बघायचा.

मंगळवारी सगळं जुळलं, फक्त डोंगराचं एक टोक उजव्या भिंतीला टेकत होतं. साहेबांनी बराच शोध घेतला.

"बाबा, तुमच्या मिशा जळतायत."

सासऱ्यांनी दचकून दोन्ही हात तोंडावर मारले.

"तशा नाही हो! फोटोत. फार पांढऱ्या आहेत. आणि मुळात तुमच्या लेकीला मिशा नाहीत. मग मापात फरक पडणारच ना? खोटं वजन ठेवून खरा तराजू कसा तपासायचा?"

"जावईबापू, या मिशा साठ वर्षांच्या आहेत!"

"आणि तो फोटो तिथे कायमचा राहणार आहे, बाबा. तिचं आयुष्य गेलं त्या इस्पितळात."

सासऱ्यांनी मिशांवरून एकदा हात फिरवला. मग उठले, न्हाणीघरात गेले आणि दहा मिनिटांनी मिशांशिवाय बाहेर आले. लेकीसाठी बाप काय काय करतो! साहेबांना भरून आलं. त्यांनी सासऱ्यांचा हात घट्ट धरला आणि मग हळूच त्यांच्या भुवयांकडे पाहिलं. सासऱ्यांनी तत्काळ दोन्ही हातांनी भुवया झाकल्या.

"यांना हात लावाल तर याद राखा!"

शेवटी तडजोड झाली. भुवयांवर काजळ फिरवायचं. लेकीच्या भीतीने सासरे त्या रात्री तोंडाला मफलर गुंडाळून जेवले आणि दात दुखतोय म्हणाले.

बुधवारी साडेनऊला सासरे कोट, रुमाल आणि काजळ अशा थाटात खिडकीत बसले आणि आलेख बरोब्बर मध्यावर आला! ना इकडे टेकला, ना तिकडे. साहेबांनी खोलीभर नाचून घेतलं.

नेमकं तेव्हाच समोरच्या इमारतीतल्या शिवणवाल्या बाईंनी सुईत दोरा ओवायला मान वर केली. त्यांनी लगेच इस्पितळात फोन लावला.

"ताई, घरी कुणी आजारी आहे का?"

"नाही तर. का?"

"नाही म्हणजे... तीन दिवस बघतेय. तुम्ही गेलात की साडेनऊला एक नर्स येऊन तुमच्या खिडकीत बसते. तुमचे हे तिचे फोटो काढतात. आणि आज तर, कसं सांगू, नाचत होते!"

चौतीस वर्षांत बाई ड्युटी सोडून कधी घरी आल्या नव्हत्या. त्या दिवशी वीस मिनिटांत आल्या. किल्लीने दार उघडलं. नर्स खिडकीत पाठमोरी बसली होती. साहेब गुडघ्यावर बसून लाडाने म्हणत होते, "हनुवटी किंचित वर... वा! तसंच बसा, हलू नका!"

"कोण आहे ही?" बाई कडाडल्या.

नर्सने मान वळवली.

"बाबा! अहो, तुमच्या मिशा कुठायत?"

"दिल्या," सासरे अभिमानाने म्हणाले. "तुझ्या एक्स्पोजरला."

पुढचा अर्धा तास बाई जे बोलल्या, त्याचा आलेख काढला असता तर उजव्या भिंतीपलीकडे गेला असता. साहेब मान खाली घालून ऐकत होते. पण हरले नव्हते.

"एक संधी," बाई शेवटी म्हणाल्या. "शुक्रवारी मी उशिरा जाते. पंधरा मिनिटं बसेन. जमलं तर जमलं, नाहीतर स्टुडिओ."

शुक्रवारी बाई बसल्या. आणि आभाळ आलं! साहेबांनी वहीतले आकडे लावले, तर फोटो अंधारा. शटर हळू केलं, तर ढग सरकला आणि सगळं पांढरं. चकती इकडे, चकती तिकडे! चाळीस फोटो निघाले. बाईंनी घड्याळ बघितलं, नवऱ्याच्या कपाळावरचा घाम कोटाच्या बाहीने टिपला आणि म्हणाल्या, "पुरे आता. तुम्ही निवडाल तो चांगलाच असेल."

त्या गेल्या. फ्रेमवाल्याला दुपारी बाराच्या आत फोटो हवा होता. साहेब कॅमेरा घेऊन बसले. पडद्यावर कोपऱ्यात नखाएवढा फोटो आणि खाली मोठा थोरला आलेख. शेवटच्या फोटोपासून एकेक मागे सरकवत गेले. हा डावीकडे टेकतोय. हा उजवीकडे. हा दोन्हीकडे! सरकवता सरकवता एकशे सत्तेचाळीस नंबरला थांबले. डोंगर बरोब्बर मध्यावर! वर पांढरा कोट, रुमाल, ओळखीचं नाक. आणखी काय हवं? त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून फ्रेमवाल्याला नेऊन दिलं.

"एकशे सत्तेचाळीस. मोठा करा आणि कागदात गुंडाळून थेट इस्पितळात पाठवा."

शनिवारी वरच्या मजल्यावर ही गर्दी! नर्सेस, आया, पहारेकरी, शिवणवाल्या बाईसुद्धा. पहिल्या ओळीत सासरे. मोठ्या डॉक्टरांनी भाषण केलं आणि फ्रेमवरचा पडदा ओढला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

काय फोटो होता! पांढऱ्या कोटाची घडी न् घडी दिसत होती, एक जागा जळालेली नाही की एक कोपरा अंधारलेला नाही. साहेबांची छाती फुगली. मग त्यांचं लक्ष भुवयांकडे गेलं. काजळ! आणि फुगलेली छाती आली तशी गेली.

"हुबेहूब!" मोठे डॉक्टर म्हणाले. "बाईंचा तो दरारा अगदी बरोबर पकडलाय!"

"जरा थकलेल्या वाटतात," एक आया हळहळली. "पण कामच तेवढं केलंय हो त्यांनी."

बाई फोटोकडे बघत उभ्या होत्या. साहेबांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात पहिल्या ओळीतून सासरे उठले, चष्मा सावरला आणि जड कानाच्या माणसाच्या खणखणीत आवाजात म्हणाले:

"अरेच्चा! हा तर मी!"

सगळ्या माना फोटोवरून सासऱ्यांकडे वळल्या. आणि मग बाई हसायला लागल्या. ज्या मजल्यावर चौतीस वर्षं त्या तोंडावर बोट ठेवून लोकांना गप्प करत आल्या, तिथेच भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मोठे डॉक्टर गोंधळले. "आपण उद्याच स्टुडिओवाल्याला बोलावू."

"नको," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "फोटो हेच काढतील. फक्त या वेळी त्या काट्याकडे नाही, माझ्याकडे बघून काढायचा. इतक्या वर्षांत एकदा तरी."

साहेब लहान मुलासारखे लाजले. पण जिद्द कुठे जाते?

"उद्या, साडेनऊला! तुझ्याकडेच बघीन, शपथ! फक्त आधी उजेड मापायला बाबांना जरा अर्धा तास..."

पण पहिल्या ओळीतली खुर्ची रिकामी होती. दोन्ही हातांनी दोन्ही भुवया झाकून सासरे जिना उतरायला लागलेही होते.