एक राबतो, त्रेसष्ट बघतात

‘किती कोरचा आहे?’ हा प्रश्न आमच्या ऑफिसात भोईरांच्या देखत कुणी विचारत नाही. एकदा टाय लावून आलेल्या एका कॉम्प्युटर विक्रेत्याने खुर्चीत बसता बसता सांगून टाकलं, “सर, फुल्ल चौसष्ट कोर.” भोईरांनी त्याच्यापुढचा चहा उचलला, स्वतः पिऊन टाकला आणि म्हणाले, “चौसष्ट मानसं कामाला लावलीस. दरवाजा एकच हाय. आत जानार कशी, ते सांग.” तो गृहस्थ परत कधी सानपाड्यात दिसला नाही.

भालचंद्र भोईर आमच्याकडचे कॉम्प्युटर सांभाळतात. ऑफिस पंचवीस माणसांचं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ती मोठाली गोदामं दिसतात ना, तसल्या गोदामांच्या सांगाड्यांची गणितं आम्ही करतो. कुठला खांब किती वजन पेलेल, वारा सुटला तर छप्पर राहील की जाईल, वगैरे. मी खरेदी विभाग. विभाग म्हणजे मी एकटीच. नावातच चंद्राची कोर मिरवणाऱ्या माणसाला कोर या शब्दाची एवढी चीड का, हे मला पाच वर्षं कळलं नाही. कळून घ्यायची इच्छाही नव्हती, कारण मला त्यांचा भयंकर राग यायचा.

मी काही शांत बाई नाही. पण मी रागावले तर कारणाने रागावते. भोईर सकाळी साडेनऊला येतानाच रागावलेले असायचे. प्रिंटरवर रागवायचे, वायरवर रागवायचे, कुणी कीबोर्डवर वेफर्स खाल्ले तर त्या माणसाशी आठवडाभर बोलायचे नाहीत. आणि दुपारी एक वाजला की हातातलं काम टाकून सरळ घरी जेवायला. फोन बंद. दोन वाजता ढेकर देत हजर. आम्ही डबे खाणारी माणसं. हे साहेब रोज गरम भाकरी खाऊन येणार आणि वर आमच्यावर डाफरणार. हावरट म्हणायचो आम्ही त्यांना, आणि ते त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचो.

यंदा नवी मशीन घ्यायची ठरली आणि आमची जुंपली. आमच्याकडे कुठलीही वस्तू घ्यायची तर ‘कंपॅरेटिव्ह’ करावं लागतं. म्हणजे तीन वस्तू शेजारी शेजारी मांडून तक्ता करायचा. पहिल्या रकान्यात जो पुढे, त्याला पहिला नंबर. दुसऱ्या रकान्यापर्यंत आमचे मालक कधी पोचल्याचं मला आठवत नाही. मी पहिला रकाना घातला ‘कोरची संख्या’. चौसष्ट कोरचा सर्व्हर पहिला आला, बत्तीसचा दुसरा, आणि भोईरांनी सुचवलेलं आठ कोरचं वर्कस्टेशन तळाला.

भोईर लाल पेन घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“मॅडम, कोर म्हंजे काय, ठाव हाय का तुमाला?”

“प्रोसेसरमधला एकेक कामगार,” मी म्हटलं. तेवढं मी वाचलं होतं.

“बरोबर. आता भाकरी घ्या. आठ जनांत वाटली तर प्रत्येकाच्या हातात कायतरी येतं. चौसष्टात वाटलीत तर? सर्व्हरचा एकेक कोर हलू चालतो. शंभर लोकांची शंभर कामं असली, तर तो राजा हाय. पन आपलं सॉफ्टवेअर जुनं. पयल्या खांबाचं गनित झाल्याबिगर दुसऱ्याला हात लावत नाय. त्याला एकच कोर लागतो, पन तो तगडा लागतो. कोर काय मोजता? चतकोर मोजा.”

आणि माझ्या तक्त्यावर लाल फुली मारून गेले. माझ्या तक्त्यावर. मी तोच तक्ता पुन्हा छापला, एक अक्षरही न बदलता, आणि मालकांची सही घेतली. समजलं नव्हतं असं नाही. समजलं होतं, पण डोक्यात राख घालून घेतली होती.

मशीन आली. पंखे असे घोंघावायचे की शेजारच्या खोलीत फोनवर बोलता येईना. सोमवारी सकाळी मालकांसमोर चाचणी झाली. एकच गोदाम, जुन्या कॉम्प्युटरवर आणि नव्यावर एकदमच सुरू केलं. जुना आठ कोरचा, त्याचा डबा पिवळा पडलेला, एका बाजूला झाकणही नाही. तो तासाभरात काम संपवून मोकळा झाला. नवा अजून अर्ध्यावर. त्याच्या पडद्यावर चौसष्ट छोट्या चौकटी होत्या. त्यातली एक काठोकाठ भरलेली, बाकीच्या सपाट.

“एक राबतो, त्रेसष्ट बघतात,” भोईर म्हणाले. त्यांना एवढ्या थंडपणे बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मालक संतापले. मशीनवर संतापले असते तर बरं झालं असतं. पण मशीन उलट बोलत नाही. ते भोईरांवर घसरले. आधी का नाही सांगितलं, आता संध्याकाळपर्यंत सगळं नीट लावून द्या. भोईर काही बोलणार, एवढ्यात त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजला होता. त्यांनी पिशवी उचलली आणि गेले.

मालकांनी मला मेमो टाइप करायला लावला. परवानगीशिवाय जागा सोडली, उद्यापासून कामावर येऊ नये. “आत्ताच्या आत्ता घरी जाऊन हातात द्या. सही घेऊन या.” माझा डबा तसाच राहिला. निघाले ते भोईरांना दोन शब्द सुनवायच्या तयारीनेच. फुलीची गोष्ट त्यांनी मालकांसमोर काढली नव्हती, याचाही मला राग आला होता.

सानपाडा गाव दहा मिनिटांवर. ‘भोईर निवास’ सहज सापडला. तळमजला आणि वर पाच मजले, खाली सहा पत्रपेट्या, सहाही भोईर. तळमजल्याचं दार उघडं होतं.

आत कॉटवर एक म्हातारी बसली होती. डोळ्यांवर पांढुरका पडदा. मांडीवर ताट, ताटात तांदळाच्या तीन भाकऱ्या, ती चाचपून चाचपून त्यांचे तुकडे करत होती. सहा तुकडे. समोर भोईर, हाताला पीठ.

एक तुकडा त्यांनी बसूनच खाल्ला. मग उठून माझ्या अंगावरूनच दाराबाहेर आले, मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं. मोठ्याने खोकले आणि परत आत गेले. म्हातारीने विचारलं, “गना आला?” “आलो, आय.” गणाचा तुकडा खाल्ला. पुन्हा बाहेर. आता चप्पल घासत आत. “विठ्या, आज उशीर रं?” विठ्याचा तुकडा खाल्ला. ज्याला आम्ही हावरट म्हणत होतो, तो माणूस भूक नसताना पाच भावांचं जेवत होता.

पाचवा तुकडा संपल्यावर ते बाहेर आले तेव्हा माझा तोल गेला. मी वर बोट दाखवून म्हटलं, “पाच मजले आहेत. पाच एसी लावलेत. एकालाही खाली उतरता येत नाही? लाज नाही वाटत त्यांना? तुम्ही इथे नोकरीवर पाणी सोडून...”

“हलू बोला,” भोईर म्हणाले. “आले व्हते ते. सगले आले व्हते. तिनं वलखलं नाय. तिला ते पोरं पायजेत, साताठ वर्सांची, शालेतून येनारी. एवढे मोठे बाप्ये आले तर घाबरते. माझा आवाज तेवढा चालतो तिला.” त्यांनी हाताचं पीठ झटकलं. “कोर वाईट नायत, मॅडम. सॉफ्टवेअर जुनं हाय. दुसऱ्याकडं काम जातच नाय.”

मला रडूही येत होतं आणि रागही येत होता, या वेळी बराचसा स्वतःचा.

त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या लिफाफ्याकडे गेलं. “काय आनलंय?”

“कंपॅरेटिव्ह,” मी म्हटलं. “पहिला रकाना चुकला होता. माझा होता. मालकांना जाऊन सांगते.” आणि लिफाफा पर्समध्ये कोंबला.

आतून म्हातारीचा आवाज आला, “बालू, धाकटा नाय आला रं अजून?”

भोईरांनी ढेकर दाबला, पोटावरून हात फिरवला, आणि धाकट्यासारखे धावत आत गेले.