शेवटच्या औषधाचे समान वाटप

पिंपळगाव रेणुकाईच्या कडूबाच्या नडगीला नांगराचा फाळ लागला, तेव्हा ती अगदी साधी जखम होती. भोकरदनच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. दोन दिवसांत ठणका थांबला, म्हणून कडूबाने उरलेल्या जपून ठेवल्या. चांगली वस्तू उगाच संपवायची नाही, हे त्याच्या घराण्याचे वळण. जखम पुन्हा चिघळली की दोन घ्यायच्या, बाकीच्या ठेवायच्या. अशा थोड्याथोड्या भेटींतून जंतूंची औषधाशी चांगली ओळख झाली आणि ते त्याला मुळीच जुमानेनासे झाले. जखम हाडापर्यंत गेली. बाजारातले कुठलेच औषध चालेना. पाय कापावा लागेल, असे जालन्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकले; कडूबा काही तयार होईना.

याच सुमारास पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या उषाबाई गावोगावची माती गोळा करत आल्या. कडूबाच्या उकिरड्याशेजारची माती त्यांनी डबीत भरली.

"माती नेऊन काय करून राह्यल्या, बाई?"

"मातीतले काही सूक्ष्म जीव शेजारच्या जीवांना मारणारा रस सोडतात. त्यातूनच नवं औषध काढायचंय."

"म्हंजी बांधावरची भांडणं तिथंबी हायेतच," कडूबा म्हणाला.

संशोधनाला काही वर्षे लागली आणि मंजुरीला त्याहून अधिक. शासकीय गतीशी जुळवून घेत जखमही वाहत राहिली. अखेर त्याच मातीतून निघालेल्या औषधाच्या चाचणीच्या कॅप्सूलचा डबा घेऊन उषाबाई स्वतः कडूबाकडे आल्या.

"याच्यापुढे दुसरं औषध नाही," त्या म्हणाल्या. "पूर्ण डबा तुम्ही एकट्यानेच संपवायचा. बरं वाटलं तरी थांबायचं नाही."

बाईंची जीप वेशीबाहेर पडली आणि सरपंच धर्मराज यांनी ग्रामसभा बोलावली.

"माती गावाची. मंग औषध एकट्या कडूबाचं कसं?"

"पण पाय माझा हाय ना!"

"पायाबद्दल कुणाचाच वाद न्हाई. पाय बिलकुल तुझाच."

न्याय्य वाटपाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. घरटी एक कॅप्सूल. तातेरावांनी ती सर्दीवर घेतली, चांगुणाबाईंनी गुडघेदुखीवर. मच्छिंद्रने आपली बैलाच्या पेंडीत कालवली. रुग्ण या विशेष प्रवर्गातून कडूबाला चार मिळाल्या. दोन दिवसांत ठणका थांबला आणि उरलेल्या दोन त्याने जपून ठेवल्या.

महिनाभरात जंतूंनी नव्या औषधालाही दाद देणे सोडले. कडूबाचा पाय गुडघ्याखाली कापला. "त्यो डबा म्या लपवाया पायजे व्हता," म्हणत त्याची बायको साळूबाई दवाखान्याच्या पायरीवर हमसून हमसून रडली. गावालाही वाईट वाटले. गावाने शोकठराव केला.

उषाबाई पुन्हा माती न्यायला धावत आल्या, तर उकिरड्याशेजारी सिमेंटचा ओटा झाला होता. मौल्यवान माती वाऱ्याने उडू नये म्हणून पंचायतीने ही दक्षता घेतली होती. आता खाली त्या जिवांपैकी काय शिल्लक असणार, या विचाराने बाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

"अडाणी माणसं!" त्या भोकरदनच्या स्टँडवर स्वतःशीच पुटपुटल्या. धुळीने त्यांचा घसा खवखवत होता. पर्समध्ये लेकीच्या मागच्या तापातल्या कॅप्सूल उरल्या होत्या. त्यातली एक त्यांनी घेतली आणि बाकीच्या परत ठेवल्या.

वाचकांनी बाईंना खुशाल नावे ठेवावीत. फक्त त्याआधी आपल्या घरातला उरलेल्या गोळ्यांचा डबा उघडावा, आणि तो आपण कोणाच्या पायासाठी जपून ठेवला आहे, तेवढे ठरवून घ्यावे.