हनुवटीपर्यंतची स्टिक

आमचा लंबू, म्हणजे माझा मुलगा, बायकोला प्रेमाने जे जे आणतो ते स्वतःच्या मापाचं आणतो! रेनकोट आणला, त्यात सूनबाई हरवली. हातमोजे आणले, ते तिच्या पायालाही सैल झाले असते. वर तोंड करून विचारतो, "आवडलं का गं?" ती बिचारी हो म्हणते. मी असते तर दाखवलं असतं!

पण परवा हद्द झाली. सूनबाई बर्फावरची हॉकी खेळते. शनिवारी सामना, आणि त्यांना शिकवणाऱ्या बाईंनी तिला स्पष्ट सांगितलेलं, "या वेळी गोल नाही, तर संघात जागा नाही." त्यात जुनी स्टिक मोडलेली. हा पठ्ठ्या नवी घेऊन आला. उभी केली तर तिच्या डोक्याच्याही वर! मी वाकवून बघितली. पहार वाकेल, पण ही नाही!

"सगळ्यात कडक घेतली, आई!"

"हिला गोल मारायचाय, घराला खांब लावायचा नाही!"

लाटण्यापासून पडद्याच्या दांड्यापर्यंत या घरातली प्रत्येक काठी मी निवडलीय. माझी निवड चुकत नाही! सूनबाईला घेऊन मी थेट दुकान गाठलं.

दुकानदार म्हणाला, "आजी, स्टिक किती वाकते, त्याला फ्लेक्स म्हणतात. अंगाने हलक्या माणसाला मऊ स्टिक लागते. रेलून मारलं की धनुष्यासारखी सुटते."

"आजी कोणाला म्हणतोस रे?" म्हणत मी सूनबाईला एकेका स्टिकवर रेलायला लावलं. एक मात्र छान लवली, अगदी नव्या सुनेसारखी. म्हणजे लोकांच्या सुनेसारखी. आमचीने कधी मान लववल्याचं मला आठवत नाही!

"आणि लांबी?"

"हनुवटीपर्यंत. जास्तीची घरी कापून टाका."

घरी आलो. मी स्वयंपाकघरात खडू घेऊन तयार, आणि ही पायात ते पात्यांचे बूट चढवून खडखडत आत!

"अगं ए! माझ्या लाद्यांवर सुऱ्या घेऊन चालतेस? काढ आधी!"

"अहो आई, पण माप..."

"पणबिण काही नाही! माझ्या घरात पायताण दाराबाहेर!"

ती गुपचूप अनवाणी उभी राहिली. मी हनुवटीशी खूण केली, लंबूने करवत चालवली. काय सुरेख काम झालं म्हणून सांगू!

शनिवारी सूनबाई बूट घालून बर्फावर उतरली आणि मी कपाळावर हात मारला. बुटांनी ती चांगली चार बोटं उंच झालेली, आणि स्टिक पार छातीशी! कानातलं हरवल्यासारखी ती कमरेत वाकून फिरायला लागली. लोक खिदळायला लागले.

"आई! बूट घालून मापायचं होतं!" लंबू दातओठ खात म्हणाला.

मी ऐकलंच नाही असं दाखवून समोरचा गुणफलक वाचायला लागले. पोरीची जागा माझ्या लाद्यांपायी जाणार!

इतक्यात समोरच्या संघाची कपाटाएवढी खेळाडू, यांच्यात चेंडूऐवजी असते ती रबरी चकती घेऊन आली. तिने आमचीला वर शोधलं. आमची खाली होती! तिच्या पायांजवळून चकती हिसकावली, सुसाट निघाली, रेलली, स्टिक वाकली आणि सटाक! गोल! मी बाकावर चढून अशी ओरडले की पुढच्या माणसाची टोपी पडली. थोड्या वेळाने दुसरा गोल! आता खिदळणारेच टाळ्या पिटत होते.

सामना जिंकून सगळ्या बाहेर आल्या. बाई सूनबाईची पाठ थोपटत म्हणाल्या, "तुझी जागा पक्की! खाली वाकून खेळ म्हणून वर्षभर कंठशोष केला मी. आज कसं जमलं?"

"स्टिक आम्ही निवडली!" लंबू छाती काढून म्हणाला. आम्ही म्हणे! मग हळूच माझ्या कानाशी, "पण आई, कबूल कर. माप चुकलं ना?"

(पुढची स्टिक मी दाराबाहेर, तिला बूट घालायला लावूनच मापणार आहे. घरात बोलू नका!)

मी पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माप अगदी बरोबर होतं, लंबू! तुझी बायकोच आजवर फार ताठ उभी राहत होती!"