पाठ फिरवलेला तीन

मशीनच्या तोंडावरचा गोंद काढावा, एवढंच माझ्या मनात आलं होतं.

कपडे धुवायच्या मशीनवर दुकानदारानं लावलेला कागद कधीच निघून गेला होता, पण त्याचा गोंद मागे राहिला होता. चार वर्षं धूळ खाऊन त्याचा काळा चौकोन झाला. रोज तो माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे. त्या दिवशी मुलगा आणि सून कामावर गेले, घरात मी आणि मशीन दोघंच. म्हटलं, आज तुझा निकाल लावतो. खिडक्या रंगवल्या तेव्हाचं थिनर माळ्यावर होतं. त्यात कापसाचा बोळा बुडवला आणि शाळेत जाणाऱ्या पोराचं तोंड पुसावं तसं मशीनचं तोंड सगळीकडून पुसून काढलं. गोंद गेला. मशीन लखलखलं. मग हातातल्या बोळ्याकडे बघितलं, तर तो लाल, हिरवा, निळा!

सूनबाईचे ठिपके गेले होते.

मशीन आलं तेव्हा तिनं त्याच्यावर नखांच्या रंगाचे ठिपके दिले होते. लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे रोजचे कपडे, निळा म्हणजे चादरी. "माझ्या लक्षात राहत नाही हो बाबा," म्हणाली होती. मला तर आंधळ्याला काठी मिळाल्यासारखं झालं. कारण मला वाचता येत नव्हतं.

तीस वर्षं मी बारा मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट चालवली. त्यामुळे बारापर्यंतच्या आकड्यांशी माझा घरोबा. (तेराशी अजूनही नुसती तोंडओळख आहे.) अक्षरांशी मात्र कधी बोलणं झालं नाही. मुलाचं लग्न ठरताना सूनबाईच्या वडिलांनी विचारलं, "यांचं शिक्षण?" आमची ही चटकन म्हणाली, "त्यांना वाचनाची फार आवड." खोटं नव्हतं ते. ती वाचायची, मला आवडायचं. मुलाला तिनं शपथ घातली, ती त्यानं पाळली. पुढे ही गेली, आणि तिची थाप सांभाळायला मी एकटा राहिलो.

मी ती जिवापाड सांभाळली. मशीन आलं त्या दिवशी त्याची जाडजूड पुस्तिका सगळ्यांसमोर तासभर वाचली. मिटवून म्हणालो, "चांगलं लिहिलंय. जरा लांबवलंय."

एवढी धडपड कशासाठी? सूनबाई प्रयोगशाळेत रक्त तपासते, शिकलेली पोर. पण पडदे घ्यायचे असोत की नोकरी बदलायची असो, ती मला विचारते, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" तीस वर्षं लोकांनी मला एकच प्रश्न विचारला होता, वर की खाली? तिला माझं बिंग कळलं, तर ती मला वेळेवर जेवायला वाढेल, औषधं देईल, पण ते विचारणं थांबेल. ह्या भीतीनं, समोर काही वाचायचं आलं की मी चार वर्षं नुसता चष्मा पुसत आलो होतो.

तर बोळा. घाईघाईत तो सदऱ्याच्या खिशात लपवला. खिशाला रंग लागला. मग बोळ्यासकट सदराच मशीनमध्ये टाकला, आत सूनबाईचे कपडे होतेच. (चोर पकडला जातो तो अशा हुशारीनं.) अंदाजानं मोठी चकती फिरवली, अंदाजानं बटण दाबलं. मशीन चाललं, आणि मला वाटलं, सुटलो.

थोड्या वेळानं ते कण्हलं. मग थरथरलं. मग पोटभर पाणी घेऊन गप्प झालं, आणि टीं टीं करायला लागलं. दार उघडेना. थिनरच्या डब्यावर ज्वाळेचं चित्र होतं ते मला नेमकं तेव्हाच आठवलं. मी दोन पावलं मागे सरलो, आणि सूनबाईचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवतोय."

टीं टीं टीं.

"हा आवाज कसला?"

"पक्षी."

"दर तीन सेकंदांनी ओरडतोय?"

"शिस्तीचा आहे."

"बाबा, मशीन अडलंय का? त्याच्यावर काय दिसतंय?"

मी चष्मा पुसला. "'थांबा' असं लिहिलंय."

"बरं. कसं दिसतंय ते?"

"थांबल्यासारखं."

"नुसता आकार सांगा ना. आज माझंच डोकं चालत नाहीये."

आता सुटका नव्हती. "आधी तीन आहे. पण तो पाठ फिरवून बसलाय, रुसल्यासारखा. शेजारचा चार सरळ आहे."

(तो इंग्रजी 'ई' होता, हे मला फार पुढे कळलं.) धडधड ऐकू येत होती. मशीन तर अडून बसलं होतं, म्हणजे ती माझीच.

"कळलं," ती म्हणाली. "पाणी बाहेर जात नाहीये. आधी खटका बंद करा."

मी रबरी चपला घातल्या आणि लांबून, झाडूच्या दांड्यानं, खटका पाडला. तिनं सांगितलेलं खाली कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडलं, त्याच्याखाली परात सरकवली.

"आता आतलं बूच हळू फिरवा. थोडं पाणी आलं की थांबा."

हळू फिरवायचं बूच एका हिसक्यात हातात आलं. परात भरली, मग चपला भरल्या, मग मी पाण्यात बसलो. आत बोटं घातली तर एक बटण, एक केसांची पिन, आणि...

"काय निघालं, बाबा?"

"कापूस."

"कापूस? बरं, बूच बसवा, खटका लावा आणि लाल ठिपका दाबा."

मी मशीनचं लखलखीत तोंड न्याहाळलं.

"बाबा?"

"ठिपके गेले."

"कुठे गेले?"

"कापसात."

ती म्हणाली, "काही करू नका. कोरडे कपडे घाला, मी येते."

ती येईपर्यंत मी खुर्चीत बसून होतो, निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसा. ती आली. ओरडली नाही. पर्समधून नखांच्या रंगाच्या तीन बाटल्या काढून मशीनपुढे बसली. तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष तिच्या नखांकडे गेलं. कोरी. प्रयोगशाळेत रंग चालत नाही, चार वर्षांत मी तिची नखं रंगलेली पाहिलीच नव्हती. मग हे ठिपके...

"कधीपासून माहीत आहे तुला?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मशीन आलं त्या दिवसापासून."

"तुझ्या नवऱ्यानं सांगितलं?"

"कुणीच नाही. तुम्ही तासभर वाचलीत ना बाबा, ती पानं चिनी भाषेतली होती."

मी जमिनीकडे बघत राहिलो. आता ते विचारणं थांबणार होतं. तिनं बाटलीचं झाकण उघडलं, ब्रश निथळवला आणि मान वळवली.

"हिरवा जरा मोठा देऊ का या वेळी? तुम्हाला काय वाटतं?"

"दे," मी म्हणालो. (आणि चष्मा पुसला. या वेळी खरंच पुसावा लागला.)

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला अक्षरं शिकवायला घेतली. वर्ष गेलं. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय, एकेक अक्षर जागेवर बसवत. काल वही तिच्या हातात दिली आणि समोर बसलो. तिनं सावकाश शेवटपर्यंत वाचलं. वही मिटली.

"चांगलं लिहिलंय, बाबा," ती म्हणाली. "जरा लांबवलंय."