उद्याचा दिवस फुल्ल

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात सगळं होतं. दात तपासायची नवी कोरी खुर्ची होती, डोळे दिपवणारा दिवा होता, बाहेर बसायला बाकं होती. फक्त त्या बाकांवर बसायला कोणी नव्हतं. "हा महिना बघते," त्या एकदा जेवताना म्हणाल्या, "नाहीतर कुलूप लावते आणि त्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी धरते. त्यांचा निरोप आलाच आहे."

हे ऐकून त्यांच्या यजमानांचा जीव कळवळला. यजमान एका ऑफिसात हिशेब तपासत. पण अलीकडे व्हिडिओ बघून बघून पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकले होते. नव्यानं पोहायला शिकलेला माणूस डबकं दिसलं तरी कपडे काढतो, तशी त्यांची गत झाली होती. "पेशंट येत नाहीत, कारण त्यांना घरबसल्या नंबर लावता येत नाही," असं त्यांनी निदान केलं. नंबर लावायला आधी गर्दी असावी लागते, हे त्यांना सांगणार कोण?

ऑफिसातून आले की ते लॅपटॉपला चिकटत. शेवटी वेबसाइट तयार झाली. नाव घाला, फोन नंबर घाला, वेळ निवडा, बटण दाबा. नंबर रद्द करायची सोय तेवढी त्यांनी ठेवली नाही. हाती आलेला नंबर कोण कशाला सोडेल? आठवण करून देणारा मेसेज मात्र होता, आणि त्याचा मजकूर खुद्द डॉक्टरीणबाईंनी सांगितला होता : 'वेळेवर या. दुखणं अंगावर काढू नका.'

रविवारी सकाळी वेबसाइट इंटरनेटवर चढली, आणि यजमानांनी पहिली लिंक सासूबाईंना पाठवली. कुठल्याही जावयानं हेच केलं असतं. सासूबाईंनी ती लगेच लेकीच्या माहेरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'जावईबापूंनी स्वतःच्या हातानं केलंय. नुसतं बघून सोडू नका. नाव-नंबर घाला, नाहीतर त्यांना वाटेल, आपल्याला कौतुक नाही.'

संध्याकाळी डॉक्टरीणबाई मोबाइल नाचवतच बाहेर आल्या. त्यांच्या पडद्यावर नावं दिसत नसत, नुसत्या भरलेल्या वेळा हिरव्या दिसत. सगळा पडदा हिरवागार झाला होता.

"अहो, उद्याचा दिवस फुल्ल!"

"काय सांगतेस!"

"मी तर त्या हॉस्पिटलवाल्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलंसुद्धा!"

इतक्या महिन्यांत बायकोला असं हसताना यजमानांनी पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. त्याच भरात त्यांनी लॅपटॉपवर नावं उघडली. पहिले थोरले मामा. मग मामी. मग आत्या, काका, काकू, त्यांची मुलं, सुना. बायकोचं अख्खं माहेर ओळीनं उभं होतं. यजमानांनी गच्चीत जाऊन सासूबाईंना फोन लावला.

"आई, यांच्यापैकी कुणाचा दात दुखतोय का हो?"

"छे! सगळे ठणठणीत आहेत. मामांना तर दातच नाहीत. पण तुमचा मान राखायला नको?"

बायकोला सांगायची हिंमत होईना. गुपचूप नंबर रद्द करू आणि मग काय ते बोलू, असं ठरवून त्यांनी घाईघाईनं रद्द करायचं बटण बनवलं आणि प्रोग्राम पुन्हा वर चढवला. आता, मेसेज पाठवायचं काम त्यांनी प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला लिहून ठेवलं होतं. त्यामुळे प्रोग्राम नव्यानं सुरू झाला, की सगळ्यांना मेसेज जाई. तो गेला. यजमानांनी ते काम खाली सरकवून प्रोग्राम पुन्हा चढवला. पुन्हा गेला. मग त्यांनी ते पार काढूनच टाकलं, पण गडबडीत वर चढवली ती जुनीच फाइल.

पाचच मिनिटांत मामांचा फोन आला.

"जावईबापू, एकदा आला तेव्हा मी कानाडोळा केला. पण तीन-तीनदा? 'दुखणं अंगावर काढू नका'? आमची पोर काही अडचण लपवत तर नाही ना?"

"तसं काही नाही मामा, ते आपोआप जातं—"

"राहू द्या, तुम्ही भिडस्त. आम्ही सगळेच येतो."

आणि खरंच आले. सोमवारी सकाळी बाकं भरली, दोघं-तिघं पायऱ्यांवर बसले, गप्पांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. मामा कवळी रुमालात बांधून घेऊन आले होते. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, गोतावळ्यावर एक नजर फिरवली आणि यजमानांना बाजूला घेतलं.

"हे पेशंट?"

"चुकलं माझं," यजमान खाली मान घालून म्हणाले. "दवाखाना वाचवायला गेलो आणि तुझी नोकरीही घालवून बसलो."

डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. पण आतून मामांची हाक आली, तशी त्यांनी हातमोजे चढवले. "आलेच आहेत, तर बघते," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. यजमान दाराजवळच्या एकुलत्या एक खुर्चीवर अपराध्यासारखे बसून राहिले.

दुपारच्या सुमाराला एक गृहस्थ गाल धरून पायऱ्या चढून आले. यजमानांनी निरखून पाहिलं. हे काही माहेरच्यांपैकी नव्हते.

"रोज एवढी गर्दी असते का हो?" गृहस्थांनी काकूंना विचारलं.

"विचारू नका! आम्ही कालच नंबर लावला, म्हणून तरी जमलं," काकू ठसक्यात म्हणाल्या.

"मग बरोबर ठिकाणी आलो. त्या चौकातल्या दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं, म्हटलं तिथं कोण जबडा उघडणार?" गृहस्थ कण्हत यजमानांकडे वळले. "काय हो, इथं ऑनलाइन नंबर लावता येतो का?"

यजमान चटकन खुर्चीवरून उठले.

"छे छे, तसलं काही नाही इथं," ते म्हणाले. "समोर येऊनच बसावं लागतं. बसा."